माळरानाचा वणवा आणि त्यातला मिथेन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की सातपुड्याच्या उतारांवर, ई-क्लासच्या (गावाच्या चराईसाठी ठेवलेल्या सरकारी जमिनीच्या) माळांवर आणि झुडपी जंगलात धुराचे लोट दिसायला लागतात. त्या धुरातल्या मिथेनचा विषय आता ग्रामसभेत निघतो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात निघतो आणि बचत गटाच्या बैठकीतही निघतो. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे उत्तरांसह दिलं आहे. जिथे आकडा आहे तिथे हिशेबाची रीतही दिली आहे, म्हणजे कोणालाही वही-पेन घेऊन तो पडताळता येईल.

गवतात मिथेन नसतो, मग गवत जळताना तो येतो कुठून?

गवताची काडी थेट पेटत नाही. आधी ती तापते आणि तापल्यावर तिच्यातले घटक फुटून वायू बाहेर पडतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन असतो, थोडा मिथेनही असतो. आपल्याला जी ज्वाळा दिसते ती या वायूंची. ज्वाळा चांगली तापलेली असेल आणि हवा भरपूर मिळत असेल तर बहुतेक वायू जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा कमी पडली, काडी ओली असली किंवा आग नुसतीच धुमसत राहिली, तर काही वायू न जळताच निसटतात. वणव्यातला मिथेन म्हणजे हा निसटलेला वाटा. दणदणीत पेटलेल्या कोरड्या गवतातून तो कमी जातो. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडत तासन् तास धुमसणाऱ्या ओंडक्यातून जास्त जातो.

म्हणजे किती?

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ मध्ये देशांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात गवताळ रानासाठी सरासरी गुणक दिला आहे : एक किलो कोरडं गवत जळलं की सुमारे २.३ ग्रॅम मिथेन. त्याच एका किलोतून कार्बन मोनॉक्साइड ६५ ग्रॅम, नायट्रस ऑक्साइड ०.२१ ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइड १,६१३ ग्रॅम निघतो. उष्ण प्रदेशातलं जंगल जळलं तर मिथेनचा गुणक ६.८ ग्रॅमवर जातो, कारण तिथे लाकूड असतं आणि लाकूड धुमसतं.

२.३ ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. पण मिथेनचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ किलोंइतकी उष्णता अडवतो. वीस वर्षांचाच विचार केला तर ८० किलोंच्या आसपास. तो हवेत सरासरी बारा-एक वर्षं टिकतो. म्हणून आज कमी केलेल्या मिथेनचा फरक आपल्याच हयातीत दिसतो, कार्बन डायऑक्साइडसारखा पुढच्या पिढ्यांवर ढकलला जात नाही.

आमच्या टेकडीचा हिशेब करून दाखवा.

समजा गावामागची चाळीस एकरांची गवताळ टेकडी मार्चमध्ये जळाली. चाळीस एकर म्हणजे साधारण १६ हेक्टर. वाळलेलं गवत हेक्टरी ३ टन धरू. विदर्भातल्या माळावर याहून कमीही असतं, आणि चराई बंद ठेवलेल्या जागी बरंच जास्तही असतं. एकूण ४८ टन झालं. सगळंच जळत नाही, खोडकी उरते, दगडाआडचं वाचतं. उशिराच्या वणव्यासाठी मार्गदर्शिका जळालेला वाटा ०.७७ धरते. ४८ गुणिले ०.७७ म्हणजे जवळपास ३७ टन.

किलोमागे २.३ ग्रॅम म्हणजे टनामागे २.३ किलो. ३७ टनांना २.३ ने गुणलं की ८५ किलो मिथेन. २८ च्या पटीने पाहिलं तर सुमारे २.४ टन कार्बन डायऑक्साइडइतका. याच आगीतून नायट्रस ऑक्साइड पावणेआठ किलो निघतो, पण उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट धरतात, त्यामुळे त्याचा भार होतो सुमारे २.१ टन, म्हणजे जवळजवळ मिथेनएवढाच. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो तब्बल २.४ टन. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आणि लेकरांची छाती भरते ती यातल्या मिथेनने नाही. मिथेनला वास नसतो, उघड्या हवेतल्या एवढ्याशा मिथेनने कोणाला खोकला येत नाही. त्रास देतात ते हा मोनॉक्साइड आणि धुरातले बारीक कण.

हेक्टरी गवत किती आहे हे ठरवायचं कसं?

या सगळ्या हिशेबात खरी मेहनत इथेच आहे, आणि नेमकी इथेच लोक टाळाटाळ करतात.

बांबूच्या चार कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट बनवा. टेकडीवर वर, मध्ये आणि खाली अशा वेगवेगळ्या ठिकाणी ती टाका. गवत दाट दिसतं तिथेच टाकायची नाही, डोळे न रोखता टाकायची. चौकटीतलं गवत विळ्याने जमिनीलगत कापा, पोत्यात भरा, वजन स्थिर होईपर्यंत उन्हात वाळवा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. चौरस मीटरमागे १०० ग्रॅम भरलं की हेक्टरी १ टन. ३०० ग्रॅम भरलं की ३ टन. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना हे काम उत्तम जमतं. कुसळी कुठे, पवन्या कुठे, मारवेल कुठे, हेही त्यांना तेव्हाच ओळखू येऊ लागतं.

हे मोजमाप का करायचं? कारण न मोजता पुस्तकातला आकडा उचलला तर उत्तर कुठेही जाऊ शकतं. कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला लागलेल्या आगीत हेक्टरी २.१ टन गवत जळतं, आणि मध्यावर किंवा शेवटी लागलेल्या आगीत १० टन, असे सरसकट आकडे त्याच मार्गदर्शिकेत आहेत. कोणता निवडला यावर मिथेन पाचपट कमी-जास्त होतो. गुणक गवताचा २.३ घ्यावा की शेतातल्या काडीकचऱ्याचा २.७ यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आधी चौकट टाकून या.

कार्बन डायऑक्साइड तर साठ टन निघाला. तो का धरत नाही?

त्या टेकडीवर पाऊस पडला की पुन्हा तेवढंच गवत उगवतं आणि हवेतला तेवढाच कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतं. म्हणून गवताळ रानाच्या हिशेबात तो वर्षभरात फिटला असं धरतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र गवत परत ओढून घेत नाही, म्हणून त्यांची नोंद वेगळी करावी लागते. हे गृहीत गवतापुरतंच खरं आहे. सागाची, धावड्याची, मोईनीची रोपं जळाली, दरवर्षी जळत राहिली आणि जंगल विरळ होत गेलं, तर गेलेला कार्बन एका पावसाळ्यात परत येत नाही.

गवत तं आपोआप वाळून जातेच. मंग जाळलं तं काय बिघडते?

हा प्रश्न बहुतेक प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो मनापासून विचारलेला असतो.

उभं वाळलेलं गवत जमिनीवर पडलं की वाळवी, बुरशी, किडे ते हळूहळू मोडतात. उघड्या, हवेशीर, कोरड्या जमिनीत त्यातल्या बहुतेक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, मिथेन फारसा होत नाही. वाळवीच्या पोटातून थोडा निघतो. उलट अशा जमिनीतले काही जिवाणू हवेतला मिथेन खाऊन टाकतात. पाणी न साचणारी माळजमीन मिथेन शोषणारी जमीन असते. म्हणजे कुजणं आणि जळणं, दोन्हीत गवत संपतं, पण वायूंचा हिशेब एकसारखा नसतो.

राहिला राखेचा प्रश्न. राख म्हणजे खत, असं जुनी माणसं सांगतात. अर्धी गोष्ट बरोबर आहे. पालाश आणि स्फुरद राखेत उरतं. नत्र मात्र बहुतांश धुराबरोबर उडून जातं. सपाट बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) राख मातीत मिसळते. उतारावर काय होतं? मृगाची पहिली जोराची सर आली की राख आणि तिच्याखालची उघडी पडलेली माती दोन्ही नाल्यात. मेळघाटच्या पायथ्याशी पहिल्या पुरात नाल्याचं पाणी काळपट येतं, त्यात डोंगराची सुपीकता वाहत असते.

पण तेच गवत बैलाने खाल्लं तर मिथेन जास्त निघतो ना?

हो, जास्त निघतो, आणि हे लपवून वणव्याविरुद्ध प्रचार करू नये.

आयपीसीसीच्या जुन्या सरासरीप्रमाणे भारतीय उपखंडातला दूध न देणारा गुरांचा एक नग वर्षाला सुमारे २७ किलो मिथेन सोडतो, दुधाळ गाय ५८, म्हैस ५५. वरच्या टेकडीवर जळालेलं ३७ टन गवत म्हणजे रोज साडेसहा किलो कोरडा चारा खाणाऱ्या साधारण पंधरा बैलांचा वर्षाचा चारा. पंधरा बैल मिळून वर्षाला ४०५ किलो मिथेन सोडतील. आगीतून निघाला ८५ किलो. जवळपास पाचपट फरक.

मग जाळलेलं बरं? नाही. कारण आग लागली म्हणून गावातले बैल कमी होत नाहीत. ते घरी उभे आहेतच, आणि आता सोयाबीनचं कुटार खातात, ज्वारीचा कडबा विकत घेऊन खातात, किंवा अर्धपोटी राहतात. त्यांचा मिथेन निघतोच, आगीचा ८५ किलो त्यात वरून भर पडतो. वर चारा गेला, शेणखत गेलं, मे महिन्यातली सोय गेली. वायूचा हिशेब करायचा तर सगळ्या गोठ्याचा करावा, एकट्या टेकडीचा करून चालत नाही.

आणि धानाच्या बांधीतून?

भंडारा-गोंदियाकडच्या लोकांनी हे विचारलं. हंगामभर सतत पाणी साचलेल्या एका हेक्टर धानातून मिथेन शंभर किलोच्या आसपास जातो. अधूनमधून पाणी काढलं की बराच कमी होतो. गवत जळालेल्या हेक्टरमागे पाच ते सात किलो. तुलना एवढीच.

मग वणव्याचा मिथेन खरंच एवढा महत्त्वाचा आहे का?

एकट्या मिथेनकडे पाहिलं तर तो लहान वाटा आहे. जगभरातल्या चुली, वणवे, शेतातली जाळपोळ हे सगळं मिळून जगाच्या एकूण मिथेनच्या पाच टक्क्यांच्या आसपास येतं. उरलेला गुरं, धान, दलदली, कोळसा-तेल-वायूचे उद्योग आणि कचऱ्याचे ढीग यांतून येतो. आमचं स्पष्ट मत असं आहे की विदर्भातल्या शेतकऱ्याला किंवा कोरकू-गोंड कुटुंबाला मिथेनचं नाव घेऊन गुन्हेगार ठरवू नये. वणवा थांबवायची कारणं चारा, माती, पाणी, रोपं आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी ही आहेत, आणि ती पुरेशी आहेत. अकोला-वाशिमकडे फासेपारधी मंडळी तणमोर पक्ष्यासाठी गवताळ रानं राखतात, ती मिथेन वाचावा म्हणून राखत नाहीत. पण वणवा थांबला की मिथेनही थांबतो, आणि किती थांबला हे सांगता आलं तर गावाचं म्हणणं जास्त ठामपणे मांडता येतं.

गवताची आग आणि सागाच्या जंगलातली आग, हिशेब एकच का?

एक नाही. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

माळावरचं गवत काही मिनिटांत भडकून संपतं. सागाच्या जंगलात मार्चपर्यंत पाल्याचा थर साचतो, त्याच्या जोडीला वाळलेली रानतुळस, रायमुनियाची जाळी, पडलेले फाटे, पोकळ खोडं. पाला पेटतो आणि पुढे निघून जातो, पण मागे ओंडके आणि बुंधे दोन-दोन, तीन-तीन दिवस धुमसतात. किलोमागे मिथेन सर्वात जास्त निघतो तो या धुमसण्यातून. गवताचा २.३ आणि जंगलाचा ६.८ या गुणकांत तिप्पट फरक आहे तो बराचसा यामुळे.

म्हणून आग विझवणाऱ्या पोरांना आमचं एकच आग्रहाचं सांगणं असतं : ज्वाळा दिसेनाशी झाली म्हणजे काम संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. धूर सोडणारा प्रत्येक बुंधा शोधा, माती टाका, पाणी असेल तर पाणी टाका, ओंडका सरकवून कोरड्या पाल्यापासून वेगळा करा. मिथेन कमी करायचा सर्वात स्वस्त उपाय हाच, आणि दुपारच्या वाऱ्याने तीच आग पुन्हा उठायची ती यानेच थांबते.

डोंगराळ देशांचे आकडे वाचले. ते आपल्याला लागू पडतात का?

आफ्रिकेतल्या लेसोथोचं उदाहरण घेऊ. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा लहान देश, क्षेत्रफळ सुमारे ३०,३५५ चौरस किलोमीटर. त्यातली सर्वात खालची जागाही समुद्रसपाटीपासून १,४०० मीटर उंच आहे. चिखलदऱ्याजवळचं वैराट, आपल्या मेळघाटातलं सर्वात उंच ठिकाण, ११७८ मीटर. म्हणजे त्यांचा तळही आपल्या माथ्याच्या वर. तिथलं सर्वात उंच शिखर थाबाना न्त्लेन्याना ३,४८२ मीटर.

लेसोथोत झाडं फार थोडी, बहुतेक देश गवताचा. त्यांचा हिवाळा जून ते ऑगस्ट. थंडीने आणि गोठलेल्या दहिवराने गवत वाळतं, आणि वसंतातला पाऊस येण्याआधीच्या कोरड्या आठवड्यांत आगी लागतात. मेंढ्या-बकऱ्या पाळणारा देश आहे, कोवळं गवत लवकर फुटावं म्हणून जाळण्याची सवय तिथेही आहे. अशा देशाला गवताचा २.३ हा गुणक सरळ लावता येतो, कारण जळणारं जवळजवळ सगळं गवतच असतं.

आपल्याकडे गवत वाळतं ते थंडीने नाही, पावसाळा संपून ऊन चढत गेल्याने. आणि मेळघाट, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, गडचिरोली इथल्या आगीत गवताबरोबर पाला आणि लाकूड असतं. लेसोथोचा हेक्टरी आकडा उचलून गडचिरोलीला लावला तर मिथेन कमी दिसेल. उलट जंगलाचा गुणक वाशिमच्या उघड्या माळाला लावला तर तो उगाच जास्त दिसेल. त्यांच्याकडून घ्यायची ती रीत : जळालेलं क्षेत्र, हेक्टरी गवत, जळालेला वाटा, गुणक. आकडे आपल्या रानातले भरायचे.

उतारावरची आग वेगळी वागते म्हणतात, ते काय?

उतारावर वर चढणारी आग धोक्याची असते. ज्वाळा पुढच्या गवताच्या अगदी जवळ झुकते, ते आधीच तापतं आणि झटकन पेट घेतं. दहा अंश चढ वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आग विझवणारे जगभर वापरतात. दिवसा वारा दरीतून वर वाहतो, तो तिला आणखी हाकतो. रात्री वारा उलटा, वरून खाली. जळता ओंडका गडगडत खाली आला की खाली दुसरी आग.

म्हणून आगीच्या वरच्या बाजूला, तिच्या वाटेत, कधीही उभं राहायचं नाही. बाजूने किंवा जळून गेलेल्या काळ्या भागातून जायचं. कितीही गवत वाचत असलं तरी.

हिशेबासाठी एक बारकावा : नकाशावरचं क्षेत्र हे वरून पाहिलेलं क्षेत्र असतं. तीस अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष जमीन त्याच्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त भरते. चौकट उतारावर टेकवून गवत मोजलं असेल तर हा फरक धरावा लागतो.

उपग्रहातून हा मिथेन दिसतो का?

आग दिसते, मिथेन दिसत नाही.

नासाच्या टेरा आणि अॅक्वा उपग्रहांवरचा मोडिस एक किलोमीटरच्या चौकटीत आग पकडतो, व्हिआयआयआरएस हे नवं उपकरण ३७५ मीटरच्या. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था या माहितीवरून वनविभागाला आणि नोंदणी केलेल्या सामान्य माणसालाही मोबाईलवर इशारे पाठवते. ३७५ मीटरची एक चौकट म्हणजे जवळपास ३५ एकर. नकाशावर एक लाल ठिपका दिसला म्हणजे ३५ एकर जळाले, असं मात्र नाही. त्या चौकटीत कुठेतरी पुरेशी तापलेली आग होती, एवढाच त्याचा अर्थ. ती दोन एकरांचीही असू शकते. ठिपके मोजून त्यावर एकर लावणारी माणसं भेटतात, त्यांना हे समजावून सांगा. शिवाय व्हिआयआयआरएसची फेरी दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास होते. चार वाजता लागून सात वाजता विझलेली माळाची आग तिच्या नजरेतून सुटू शकते.

मिथेन मोजणारा ट्रोपोमी हे उपकरण युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावर आहे. त्याची एक चौकट साधारण ५.५ बाय ७ किलोमीटरची. हवेत आधीच दर अब्ज भागांत १,९०० हून जास्त भाग मिथेन आहे, त्यात आपल्या टेकडीचे ८५ किलो वेगळे ओळखू येत नाहीत. डोंगराळ मुलखात अडचण आणखी वाढते, कारण एकाच चौकटीत दरी आणि शिखर दोन्ही येतात आणि दोन्हींवरच्या हवेच्या थराची जाडी वेगळी. म्हणून डोंगराळ देशही वणव्याचा मिथेन थेट मोजत नाहीत, वरच्यासारखा हिशेबच करतात.

मोह वेचायला खालचा पाला जाळावाच लागतो, तेंदूला चांगली पानं यायला आग लागते. मग आम्ही काय करायचं?

मार्च-एप्रिलमध्ये मोह पहाटे टपकतो, आणि पाल्यात पडलेलं फूल शोधणं कठीण म्हणून झाडाखालची जागा पेटवतात. घरातल्या बायांना यातून चार पैसे मिळतात, तेव्हा नुसतं जाळू नका म्हणून चालत नाही. झाडाखाली खराट्याने पाला ओढून बाजूला केला तर आगीची गरज पडत नाही. शेडनेटची जाळी किंवा जुन्या साड्या शिवून पसरल्या तर फूल स्वच्छ मिळतं, माती-राख लागत नाही, आणि व्यापाऱ्याकडे भावही नीट मागता येतो. पाला जाळायचाच असेल तर आधी चारही बाजूंनी हातभर रुंद पट्टा झाडून, सकाळच्या दवात, माणूस उभा ठेवून. सुटलेले बरेच वणवे दुपारी पेटवून घरी निघून गेल्याने होतात.

तेंदूचं तसंच. आगीनंतर कोवळी पानं फुटतात हे खरं. झुडपं वेळेत छाटली तरीही फुटतात, आणि शेजारचं गवत, सागाची रोपं, चारोळीची झाडं वाचतात. फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) पुडे मोजून घेणाऱ्या ठेकेदाराशी किंवा ग्रामसभेशी करार होतो तेव्हाच छाटणीची मजुरी कोण देणार हे लिहून घ्या, नाहीतर रात्री कोणीतरी काडी ओढतोच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर गावाची कमाई उभी केली. प्रत्येक गावाला ते जमेल असं नाही. पण निर्णय गावाने घेतला, बाहेरून लादला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

धुरे (शेतांचे बांध) पेटवण्याचं काय?

एप्रिल-मेमध्ये नांगरटीआधी धुरा पेटवायचा, पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा (कपाशीच्या आणि तुरीच्या काड्यांचा) ढीग जाळायचा, ही सवय सगळीकडे आहे. शेतातल्या काडीकचऱ्याचा मिथेन गुणक २.७ ग्रॅम, गवताच्या जवळपास. अडचण धुऱ्यावरून आग माळावर आणि माळावरून जंगलात जाते ही आहे. पऱ्हाटी बारीक करून शेतात टाकता येते. यंत्र एकट्याला परवडत नाही, गटाला परवडतं.

जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) वनविभागच जाळतो, त्यातून मिथेन निघत नाही का?

निघतो. पण अरुंद पट्टा, ठरवून, माणसं उभी करून जाळलेला. त्यामुळे वाचलेल्या शेकडो हेक्टरांपुढे तो नगण्य. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा त्याआधी पूर्ण झाल्या पाहिजेत. उशिरा जाळलेली जाळरेषा हाच वणवा होऊ शकतो, म्हणून जानेवारीतच ग्रामसभेने परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारणा करावी.

ऑस्ट्रेलियात आदिवासी लोक लवकर आग लावून मिथेन कमी करतात आणि त्याचे पैसे मिळवतात म्हणे. आपण का नाही?

खरं आहे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम अर्नहेम लँडमध्ये २००६ पासून तिथले मूळ रहिवासी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला छोट्या, थंड आगी लावतात, म्हणजे उशिराच्या प्रचंड आगींना जळायला काही उरत नाही. कमी झालेला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजून त्याचे पैसे मिळतात. तिथे माणसं तुरळक, मुलूख अफाट आणि मोजणीची पद्धत सरकारने मान्य केलेली.

आपल्याकडे पाचशे हेक्टर माळ वाचवला तर आधीच्या दराने अडीच-पावणेतीन टन मिथेन वाचतो, नायट्रस ऑक्साइड धरून सगळा मिळून १४० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका. तपासणी, प्रमाणपत्र, नोंदणी यांचा खर्च एवढ्याशा आकड्याला झेपत नाही. शिवाय आपल्या पानगळीच्या जंगलात पाला डिसेंबरात अजून झाडावरच असतो. तेव्हा गवत जाळलं तरी फेब्रुवारीनंतर पडणारा पाला पेटायचा राहतोच.

कार्बनचे पैसे मिळवून देतो म्हणून ग्रामसभेचा ठराव मागायला कोणी आलं तर घाई करू नका. किती वर्षांचा करार, चराई आणि मोह-तेंदूचे हक्क अबाधित राहतात का, मोजणी कोण करणार, गावाचा वाटा किती, हे मराठीत लिहून मागा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात हा निर्णय ग्रामसभेचाच आहे. सरपंचाची एकट्याची सही पुरत नाही.

कायदा काय सांगतो?

राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० ने मनाई आहे. वनात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करावी, असं १९२७ च्याच कायद्याचं कलम ७९ सांगतं. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगलही वनच, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ चा निकाल आहे. ई-क्लासच्या जमिनीचं मात्र पाहायला पाहिजे, तिथे आग लागली की वनविभाग म्हणतो महसूलची जमीन, महसूल म्हणतो ग्रामपंचायतीचं बघा. अशा माळांसाठी ग्रामपंचायतीने आपलंच आगपथक ठेवावं हे बरं.

आग दिसली तर कोणाला कळवायचं, आणि नोंद कशी ठेवायची?

आधी बीटाच्या वनरक्षकाला फोन करा. तो लागला नाही तर वनविभागाचा निःशुल्क क्रमांक १९२६. जागा सांगताना गट क्रमांक आठवत नसेल तर जवळचा नाला, पाणवठा, देवस्थान सांगा.

नोंदीसाठी ग्रामपंचायतीत एक वही पुरते. तारीख, आग दिसल्याची वेळ, विझल्याची वेळ, जागा, जमीन कोणती (ई-क्लास, झुडपी, राखीव, खाजगी), जळालं काय (गवत, पाला, लाकूड), आणि कारण कळलं असेल तर कारण. कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहू नका, मोह, धुरा, विडी, विजेची तार एवढंच लिहा. नाव लिहायला लागलं की पुढच्या वर्षी कोणी खरं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी जळालेल्या भागाच्या कडेने मोबाईलचं जीपीएस चालू ठेवून चालत फेरी मारली की क्षेत्र मिळतं. बाजूच्या न जळालेल्या गवतात चौकट टाकून वजन घ्या. एवढ्या नोंदी असल्या की मिथेनचा हिशेब कोणीही दहा मिनिटांत करून देईल, आणि मे महिन्यात चाराटंचाईचा अर्ज करताना तहसीलमध्ये तीच वही पुढे ठेवता येईल.